एका शब्दामागची पेटी

न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या पूर्व काठावरील हाइड पार्क या गावी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे अध्यक्षीय ग्रंथालय आहे. ‘ग्रंथालय’ हा शब्द वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कपाटे आणि पुस्तके येतील, म्हणून आधीच सांगतो, की येथे मुख्य ठेवा आहे तो कागदपत्रांचा. पत्रे, तारा, टिपणे, अहवाल, रोजनिश्या, भाषणांचे कच्चे खर्डे अशी सुमारे १ कोटी ७० लाख पाने येथे पेट्यांमध्ये जपून ठेवलेली आहेत. आमचे घर येथून मोटारीने वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. पोकिप्सीच्या परिसरात संगणक उद्योगामुळे जी भारतीय कुटुंबे स्थायिक झाली, त्यांपैकी आम्ही एक. पहिली काही वर्षे मी या वास्तूकडे पाहुण्यांना दाखवण्याचे ठिकाण म्हणूनच पाहत होतो. ती दृष्टी बदलली ती एका जून महिन्यातल्या शनिवारी, एका व्याख्यानामुळे आणि त्या व्याख्यानात उच्चारल्या गेलेल्या एका शब्दामुळे.

येथे उन्हाळ्याच्या आरंभी ‘रूझवेल्ट रीडिंग फेस्टिव्हल’ नावाचा कार्यक्रम होतो. रूझवेल्ट यांच्या कालखंडावर नवी पुस्तके लिहिलेले लेखक एका दिवसासाठी येतात, एकामागून एक बोलतात, श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि नंतर मेजामागे बसून पुस्तकांवर सह्या करतात. प्रवेश विनामूल्य असतो. श्रोत्यांत निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, आसपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि माझ्यासारखे हौशी लोक असतात. अनेक लेखकांनी याच संग्रहात महिनोन्महिने बसून काम केलेले असते, त्यामुळे बोलताना ते पेटी आणि फाइल यांचा उल्लेख शेजारच्या गल्लीचा पत्ता सांगावा तितक्या सहजपणे करतात.

या ग्रंथालयाची कल्पना खुद्द रूझवेल्ट यांची. त्यापूर्वी अध्यक्षांची कागदपत्रे त्यांची खासगी मालमत्ता मानली जात असत. कोणी घरी नेली, कोणी जाळली, कोणाच्या वारसांनी विकली. रूझवेल्ट यांनी १९३८ च्या डिसेंबरमध्ये आपली योजना जाहीर केली, आपल्या कौटुंबिक मालमत्तेतील जागा दिली, लोकवर्गणीतून इमारत उभी केली आणि ती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वाधीन केली. ३० जून १९४१ रोजी, युरोप युद्धात होरपळत असताना, उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. भूतकाळाची कागदपत्रे पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवणाऱ्या राष्ट्राचा तीन गोष्टींवर विश्वास असावा लागतो, असे ते म्हणाले: भूतकाळावर, भविष्यकाळावर, आणि सर्वांत अधिक म्हणजे भूतकाळापासून शिकून आपले भविष्य घडवताना अधिक सुज्ञ होण्याच्या आपल्याच लोकांच्या क्षमतेवर. या तिसऱ्या विश्वासाची कसोटी कोठे लागते, हे मला त्या शनिवारनंतर कळले.

त्या दिवशी युद्धकाळातील राजनीतीवर लिहिणाऱ्या एका लेखकाचे व्याख्यान होते. विषय रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्यातील मतभेदांचा होता आणि त्यात हिंदुस्थानचा प्रश्न ओघाने आला. क्रिप्स योजना फसल्यावर ११ एप्रिल १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना पाठवलेला संदेश, त्यामुळे चर्चिल यांना आलेला संताप, गांधीजींनी १ जुलै १९४२ रोजी रूझवेल्ट यांना लिहिलेले आणि लुई फिशर या पत्रकाराबरोबर पाठवलेले पत्र, हे सारे लेखकाने चांगले उलगडून सांगितले. गांधीजींनी त्या पत्रात स्पष्ट लिहिले होते, की हिंदुस्थान आणि आफ्रिका यांचे शोषण चालू असेपर्यंत आणि खुद्द अमेरिकेच्या घरात कृष्णवर्णीयांचा प्रश्न कायम असेपर्यंत लोकशाहीसाठी लढत असल्याचा दोस्त राष्ट्रांचा दावा पोकळ वाटतो. रूझवेल्ट यांनी १ ऑगस्टला उत्तर लिहिले, परंतु ते हाती पडण्याआधीच, ९ ऑगस्टच्या पहाटे, गांधीजींना मुंबईत अटक झाली.

त्यानंतर लेखक विल्यम फिलिप्स यांच्याकडे वळले. हे रूझवेल्ट यांचे खासगी प्रतिनिधी म्हणून १९४३ च्या जानेवारीत दिल्लीला पोहोचले होते. पडद्यावर त्यांच्या १४ मे १९४३ च्या पत्रातील एक ओळ झळकली. आजची हिंदी सेना ही निव्वळ ‘मर्सिनरी’ आहे, असे त्या ओळीत म्हटले होते. लेखकाने ती वाचली आणि ते पुढच्या मुद्द्याकडे गेले.

मला मात्र पुढे जाता आले नाही. माझ्या आजोबांचे धाकटे बंधू, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, सातारा जिल्ह्यातून मराठा पलटणीत भरती झाले होते आणि इटलीत लढून परत आले होते. आमच्या भागात लष्करी पेशाची घरे पुष्कळ. लहानपणी आम्हांला यशवंत घाडगे यांची कथा सांगितली जात असे. माणगावकडचा हा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटा चालून गेला, ते ठाणे त्याने निकालात काढले आणि तेथेच तो धारातीर्थी पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पत्र लिहिले गेले तेव्हा इटलीची मोहीम सुरू व्हायची होती हे खरे, परंतु एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर १९४१ साली मराठा पलटण लढली होतीच. अशा माणसांना भाडोत्री म्हणावे, आणि तेही हिंदुस्थानचा मित्र म्हणवणाऱ्या माणसाने, याचे मला फार वाईट वाटले.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहिलो. आवाज किंचित कापत होता. फिलिप्स यांनी हा शब्द कोणत्या संदर्भात वापरला आणि त्याआधी व त्यानंतर काय लिहिले, असे मी विचारले. लेखकाने प्रामाणिकपणे सांगितले, की पूर्ण पत्र आत्ता त्यांच्यासमोर नाही आणि स्मरणावर विसंबून ते सांगू इच्छित नाहीत. मग शेजारच्या इमारतीच्या दिशेने हात करून ते म्हणाले, की ते पत्र तेथे आहे आणि तुम्ही स्वतः पाहू शकता. श्रोत्यांपैकी काहींना ते उत्तर टाळण्यासारखे वाटले असावे. मला त्या दिवसातले ते सर्वांत चांगले उत्तर वाटले, आणि आजही वाटते.

सोमवारी मी रजा घेतली. अभ्यासकक्षात जाण्यासाठी प्राध्यापक असावे लागत नाही, शिफारसपत्र लागत नाही, अमेरिकेचे नागरिकत्वही लागत नाही. ओळखपत्र दाखवून संशोधकाचे कार्ड करून घ्यायचे, पिशवी आणि शाईचे पेन बाहेर कुलपात ठेवायचे, आणि पेन्सिल व कोरे कागद घेऊन आत बसायचे. शोधसूचीत पाहून मागणीपत्रक भरले की पेटी येते. मेजावर एका वेळी एकच फाइल उघडायची, कागदांचा क्रम मोडायचा नाही, फाइल काढलेल्या जागी खूण ठेवायची. आयुष्यभर संगणकावर काम केलेल्या माणसाला या शिस्तीचे अप्रूप वाटले. मला मदत करणाऱ्या अभिलेखपाल बाईंनी मी कोण, कशासाठी आलो, हे विचारले ते केवळ योग्य पेटी निवडता यावी म्हणून.

पत्र वाचले आणि पडद्यावरची ओळ आपल्या जागी जाऊन बसली. फिलिप्स यांचा रोख सैनिकांवर नव्हताच. त्यांचे म्हणणे असे, की हिंदी जनता युद्धात आहे ती केवळ कायद्याच्या अर्थाने; कारण तिला न विचारता सरकारने देशाला युद्धात ओढले. युद्धात आपला काही आवाज नाही, म्हणून त्याच्या संचालनाची आपल्यावर जबाबदारीही नाही, असे लोकांना वाटते. सैन्याविषयीचे वाक्य या युक्तिवादाच्या पोटात येते. पुढे जनतेतील मरगळ, उदासीनता आणि कडवटपणा यांचा, दुष्काळी परिस्थितीचा आणि महागाईचा उल्लेख येतो. सारांशाने फिलिप्स अध्यक्षांना सांगत होते, की युद्धानंतर स्वातंत्र्य मिळेल अशी ठोस हमी दिल्याशिवाय या लोकांकडून मनापासून सहकार्याची अपेक्षा करू नका.

तेथे बसल्या बसल्या मला एक गोष्ट जाणवली. ‘मर्सिनरी’ या इंग्रजी शब्दाला मी मनात ‘भाडोत्री’ हा प्रतिशब्द योजला होता, आणि दुखावलो होतो तो त्या मराठी शब्दाने. आमच्या घरातल्या बायका नानांविषयी बोलताना वेगळेच म्हणत: ‘पोटासाठी पलटणीत गेले.’ कोरडवाहू जमीन, पाच भावंडे, सावकाराचे देणे, अशा स्थितीत पलटणीचा पगार म्हणजे घराचा आधार होता. भाडोत्री माणूस निष्ठा विकतो. पोटार्थी माणूस घर जगवतो आणि पत्करलेल्या कामाला जागतो. इंग्रजीतला तो एक शब्द या दोन्हींवर सारखाच बसतो. फिलिप्स यांना हा फरक दिसला नसेल, आणि त्या अर्थाने त्यांचे वाक्य मला अजूनही अपुरे वाटते. तथापि ते अपमानाचे नव्हते, आणि हे मला कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर समोरच्या कागदावरून कळले.

या साऱ्या प्रकरणात पुण्याचाही संबंध येतो. १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण केले, आणि त्या काळात दिल्लीत असलेल्या फिलिप्स यांनी त्यांना भेटण्याची परवानगी मागितली होती. व्हाइसरॉयने ती नाकारली. एप्रिलमध्ये देश सोडण्यापूर्वी फिलिप्स यांनी हा नकार पत्रकारांसमोर उघड केला. अमेरिकेत परतल्यावर रूझवेल्ट यांच्या सूचनेवरून ते वॉशिंग्टनमध्ये चर्चिल यांना भेटले आणि तेथे त्यांना चर्चिल यांचा रागच सोसावा लागला. मेमधील ते पत्र पुढे ड्रू पीअरसन या स्तंभलेखकाच्या हाती लागले आणि जुलै १९४४ मध्ये वृत्तपत्रांतून फुटले, त्यावरून बराच गदारोळ झाला. आगाखान पॅलेससमोरून मी लहानपणी कितीदा तरी गेलो असेन. तेथील एका न झालेल्या भेटीचा माग हडसनच्या काठावर लागेल, असे कधी मनात आले नव्हते.

त्यानंतर मी अशा कार्यक्रमांकडे अधिक बारकाईने पाहू लागलो. वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीत मॅकगोवन थिएटर नावाचे २९० आसनांचे सभागृह आहे आणि तेथे भर दुपारी लेखकांची व्याख्याने होतात. त्याच इमारतीत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान मांडलेले आहेत. बॉस्टनमधील केनेडी ग्रंथालयाच्या चर्चासत्रांना नामवंतांची रीघ असते. केनेडींच्या काळात हिंदुस्थानात राजदूत असलेले अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ यांची कागदपत्रेही तेथेच आहेत. मात्र मला व्यक्तिशः नामवंतांच्या व्याख्यानांपेक्षा अभिलेखपाल स्वतः घेतात ते साधे वर्ग अधिक मोलाचे वाटतात. जनगणनेची पाने कशी वाचावीत, जहाजावरील प्रवाशांच्या याद्यांत नाव कसे शोधावे, नागरिकत्वाच्या अर्जांत काय सापडते, हे ते शिकवतात. तेथे टाळ्या फारशा होत नाहीत, पण बाहेर पडणारा माणूस हाती किल्ली घेऊन जातो. गदर चळवळीत पांडुरंग खानखोजे आणि विष्णू गणेश पिंगळे यांच्यासारखी मराठी माणसे होती. त्या चळवळीवर सॅन फ्रान्सिस्कोत १९१७-१८ मध्ये जो खटला चालला त्याची कागदपत्रे याच अभिलेखागाराच्या सॅन ब्रूनो येथील शाखेत आहेत. कॅलिफोर्नियातील आपल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवानंतरचा एखादा शनिवार या विषयासाठी राखून ठेवला, तर मला फार आनंद होईल.

व्यासपीठ कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मात्र या कार्यक्रमांच्या मुळाशी आहे आणि तो टाळून चालणार नाही. अध्यक्षीय ग्रंथालयांची इमारत खासगी देणग्यांतून उभी राहते, ती चालवते राष्ट्रीय अभिलेखागार, आणि सार्वजनिक कार्यक्रमांचा बराचसा खर्च त्या अध्यक्षांच्या नावाची प्रतिष्ठाने उचलतात. प्रतिष्ठानाला आपल्या नेत्याची कीर्ती जपायची असते. अभिलेखपालाचे कर्तव्य कागदाशी असते. कॅलिफोर्नियातील निक्सन ग्रंथालयात हा संघर्ष उघड्यावर आला. १९९० मध्ये ते खासगी संस्था म्हणून सुरू झाले. २००५ मध्ये व्हिएतनाम युद्धावरील ठरलेली परिषद रद्द झाली तेव्हा इतिहासकारांनी जाहीर निषेध केला. २००७ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने ताबा घेतल्यावर टिमोथी नाफ्ताली हे पहिले सरकारी संचालक झाले. ज्या वॉटरगेट प्रकरणामुळे निक्सन यांना अध्यक्षपद सोडावे लागले, त्यात त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारे त्यांचेच माजी कायदा सल्लागार जॉन डीन यांना २००९ मध्ये व्याख्यानासाठी बोलावले गेले, तेव्हा प्रतिष्ठानाने तीव्र नाराजी व्यक्त केली. तरीही व्याख्यान झाले. वॉटरगेटचे नवे दालन २०११ च्या मार्चमध्ये खुले झाले. निक्सन यांचे घर आणि त्यांची समाधी ज्या आवारात आहे, तेथेच त्यांच्या अपराधांची कागदपत्रांनिशी मांडणी करणे हे सोपे काम नव्हते, आणि ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

याउलट एक उदाहरण टेक्ससमधील ऑस्टिनचे. केनेडींनंतर अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांनी १९७१ मध्ये आपले ग्रंथालय राष्ट्राच्या स्वाधीन करताना सांगितले होते, की आमच्या काळाची कहाणी येथे साल न काढलेल्या लाकडासारखी, जशीच्या तशी ठेवली आहे. पुढच्या वर्षी, १९७२ च्या डिसेंबरात, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांविषयीची कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली झाली आणि त्या निमित्ताने दोन दिवसांचा परिसंवाद भरला. माजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन, ह्यूबर्ट हम्फ्री, रॉय विल्किन्स, ज्यूलियन बाँड आणि बार्बरा जॉर्डन असे या हक्कांच्या लढ्याशी जोडलेले लोक आले होते. रस्त्यांवर बर्फ साचला होता. जॉन्सन यांचे हृदय इतके अशक्त झाले होते, की डॉक्टरांनी त्यांना जाऊ नका असे सांगितले होते. ते आले, बोलता बोलता त्यांनी खिशातून गोळी काढून तोंडात टाकली आणि जे झाले ते पुरेसे नव्हते, अशी कबुली देत ते बोलत राहिले. नंतर काही कार्यकर्त्यांनी तत्कालीन सरकारविरुद्ध भूमिका मांडू देण्याचा आग्रह धरला, तेव्हा ते थकलेल्या अवस्थेत पुन्हा व्यासपीठावर चढले आणि त्यांनी त्यांची समजूत घातली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २२ जानेवारी १९७३ रोजी, त्यांचे निधन झाले. कागदांची पेटी आणि सभागृहाचे दार एकाच दिवशी उघडावे, असे हे उदाहरण आहे, आणि माझ्या मते अशा कार्यक्रमाचे याहून चांगले रूप नाही.

मराठी माणसाला व्याख्यानाचे वेगळे महत्त्व सांगण्याची गरज नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आपल्या रक्तात आहे. साधनांची कळकळही आपल्याकडे होती: इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करत, आणि १९१० मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात सभासद नव्याने सापडलेली पत्रे सभेपुढे वाचून दाखवत. त्या सभांत व्याख्यान आणि दप्तर एकाच छपराखाली होते. पुढे मात्र व्याख्याने मोठी होत गेली आणि दप्तरे मागे राहिली, असे मला वाटते. काही वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना महाराष्ट्रातील एका शहरात मी इतिहासावरील एका व्याख्यानाला गेलो होतो. सभागृह तुडुंब भरले होते, वक्त्याची वाणी ओघवती होती. वेळ संपला म्हणून प्रश्न घेतले गेले नाहीत. वक्त्याने ज्या पत्राचा आधार दिला होता ते पत्र त्याच संस्थेच्या संग्रहात होते. ते पाहता येईल का, असे मी दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा मी कोणत्या विद्यापीठाचा, असा प्रतिप्रश्न आला आणि अर्ज करून वाट पाहायला सांगण्यात आले. माझी सुट्टी संपली, उत्तर आले नाही.

हाइड पार्कच्या अभ्यासकक्षात विनाझोत छायाचित्र घेण्याची मुभा आहे. फिलिप्स यांच्या पत्राची पाने मी टिपून घेतली आणि त्या रविवारी साताऱ्याला आत्याला फोन लावला. ती नानांची मुलगी, वय पंच्याऐंशीच्या पुढे, कानाने थोडी अधू, पण बुद्धीने लख्ख. मी एकेक वाक्य मराठीत करून तिला वाचून दाखवले. सैन्याविषयीचे वाक्य वगळावे, असा मोह झाला होता, वगळले नाही. ‘मर्सिनरी’ला काय म्हणावे यासाठी मी क्षणभर थांबलो आणि दोन्ही शब्द तिला सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पोटासाठीच गेले होते बाबा. त्यात काय लपवायचंय? पण ते विचारलं नव्हतं म्हणून लिहिलंय ना त्यानं, लोकांना विचारल्याबिगर लढाईत घातलं म्हणून, ते परत वाच.”

मी ते वाक्य पुन्हा वाचले.